वीस हजार फुलांचा कौल

एकदा एक मुलगी चाळीस माणसांच्या रक्ताचं गुपित लॅपटॉपमध्ये घेऊन आपल्या म्हाताऱ्या गुरूंच्या दारात येऊन उभी राहिली, आणि बेल दाबण्याआधी तिने तीनदा केस सारखे केले. मुलीचं नाव हेमांगी. वय सत्तावीस, जीवशास्त्रात संशोधन करणारी, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे तिला ठाऊक होतं. गुरू संख्याशास्त्राचे. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण त्यांना अजून सगळे नुसतं 'सर' म्हणत. त्यांच्याकडे कुणी काही दाखवायला नेलं की ते आधी बराच वेळ गप्प बसत, आणि नेणाऱ्याचा घाम काढत.

हेमांगीने काय आणलं होतं, ते नीट समजून घ्यायला हवं. आतड्याचे दोन आजार आहेत. एक क्षयरोग, दुसरा क्रोन नावाचा. दोन्हींत पोट दुखतं, ताप येतो, वजन झडतं, आणि दुर्बिणीची नळी आत घालून पाहिलं तर दोन्हींत आतड्याला जखमाच दिसतात. भल्याभल्या डॉक्टरांची इथे पंचाईत होते. बरं, औषधं तरी सारखी असावीत! तीही नाहीत. क्रोनच्या रुग्णाला स्टिरॉइड देतात, त्याने शरीराची प्रतिकारशक्ती दबते. तेच औषध चुकून क्षयरोग्याला दिलं, तर क्षयाला रान मोकळं होतं. माणूस हातचा जाऊ शकतो.

यावर हेमांगीने एक तोड काढली होती. आपल्या पेशींत वीसेक हजार जनुकं असतात. ती सगळी सदासर्वकाळ सारख्या जोराने काम करत नाहीत. आजारपणात एखाद्याचा आवाज चढतो, एखाद्याचा बसतो. शास्त्रात याला जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात, आणि रक्ताच्या नमुन्यातून ती मोजता येते. हेमांगीने ज्यांचा आजार आधीच पक्का ठरलेला आहे असे चाळीस रुग्ण घेतले. वीस क्षयाचे, वीस क्रोनचे. त्यांची वीस हजार जनुकं मोजली, दोन गटांत सर्वांत वेगळी वागणारी पन्नास निवडली, आणि त्या पन्नासांवरून आजार ओळखायला संगणकाला शिकवलं. मग परीक्षा घेतली. एक रुग्ण बाजूला ठेवायचा, उरलेल्या एकोणचाळिसांवर शिकवायचं, आणि बाजूच्याचा आजार विचारायचा. असं चाळीस वेळा केलं. अडतीस उत्तरं बरोबर आली.

हे नुसतं प्रबंधापुरतं असतं तर तिची एवढी धांदल उडाली नसती. पण तिची स्वतःची वहिनी चार महिने याच पोटदुखीने अंथरुणाला खिळली होती. अठ्ठेचाळीस किलोंवरून एकोणचाळीसवर आली होती. डॉक्टर म्हणत होते, पुन्हा एकदा नळी घालून आतड्याचा तुकडा काढू आणि तपासू. वहिनीने पहिल्या वेळी इतका त्रास सोसला होता की ती ते नाव काढू देत नव्हती. हेमांगीने वहिनीचं रक्त मागवून आपल्या पद्धतीने तपासलं, तर संगणकाने सांगितलं, क्रोन. पोरीला आनंद आवरेना. तिने लगेच दादाला फोन करून सांगितलं, "दादा, पंचाण्णव टक्के क्रोनच आहे!" दादाने ते डॉक्टरांच्या कानावर घातलं. डॉक्टर सावध माणूस. ते म्हणाले, "बहिणीला हे लेखी द्यायला सांगा, आणि कुणातरी जाणकाराची त्यावर सही असू द्या. सोमवारी पत्र हातात आलं, तर स्टिरॉइडचा विचार करू."

त्या जाणकाराच्या दारात ती गुरुवारी दुपारी उभी होती.

सर पंख्याखाली सतरंजी टाकून मोड आलेले वाल सोलत बसले होते. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, त्यांना बिरड्याच्या कामाला लावलं होतं. हेमांगीने सगळं दाखवलं, समजावलं, अडतीस हा आकडा दोनदा सांगितला. सर वाल सोलतच होते.

"ही पन्नास जनुकं निवडलीस कशी?" त्यांनी विचारलं.

"चाळीसही जणांची मोजमापं बघून, सर. ज्यांच्यात दोन गटांमधला फरक सर्वांत मोठा, ती पन्नास."

"हं," सर म्हणाले, आणि तीन वाल सोलून झाल्यावर म्हणाले, "कुणाला कोणता आजार, ती यादी ठेवून जा."

"आणि पत्रावर सही, सर?"

"पत्र सोमवारी लागणार ना? आज गुरुवार आहे."

शुक्रवारी सकाळी सरांनी तिच्या हातात स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलेली यादी दिली. एक ते चाळीस क्रमांक, आणि प्रत्येकापुढे आजाराचं नाव. म्हणाले, "ही यादी घे, आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा कर. जनुकं निवडण्यापासून."

हेमांगीने तिथेच नजर फिरवली. सातव्या क्रमांकाचा रुग्ण तिच्याकडे क्रोनचा होता, इथे क्षयाचा. अकरावाही बदललेला. सतराव्याचंही तेच.

"सर, यात बदल झालेत?"

"झालेत."

एवढंच. आता सरांचे जुने विद्यार्थी गावोगावच्या इस्पितळांत बसलेले. त्यांनी कुठून तरी फेरतपासणीचे अहवाल मिळवले असणार, असं हेमांगी धरून चालली. पुढे विचारायचा तिला धीर झाला नाही. आपल्या मूळ माहितीतच इतक्या चुका होत्या, या विचाराने ती खजील होऊन प्रयोगशाळेत गेली.

दुपारपर्यंत निकाल आला. चाळिसांतली एकोणचाळीस उत्तरं बरोबर! तिने खुर्चीतच टाळी वाजवली. माहिती सुधारली तसा निकालही सुधारला, याहून सरळ ते काय असणार? पण मग तिने जनुकांची नावं पाहिली आणि ती चक्रावली. कालच्या पन्नासांतली फक्त दोन आजच्या पन्नासांत होती. बाकीची अठ्ठेचाळीस भलतीच. काल जी जनुकं ओरडून ओरडून सांगत होती, ती आज मूग गिळून बसली होती.

तिने जुने शोधनिबंध काढले. तासाभरात नव्या जनुकांपैकी चारपाचांचा संबंध जंतूंशी लढणाऱ्या पेशींशी लागला. म्हणजे बरोबरच की! तिच्या जिवात जीव आला. कालच्या जनुकांबद्दलही तिने असेच निबंध शोधले होते आणि तेव्हाही असाच जिवात जीव आला होता, हे मात्र त्या घटकेला तिच्या ध्यानात आलं नाही. माणसाला हवं ते सापडलं की तो मागचं कशाला आठवत बसतो?

मग तिने वहिनीचं रक्त नव्या पद्धतीला लावलं. उत्तर आलं, क्षयरोग.

तिने पुन्हा लावून पाहिलं. क्षयरोग. वहिनी तीच, रक्त तेच, आणि एवढ्यात आजार बदलला? तेवढ्यात दादाचा फोन.

"हेमा, पत्र झालं का गं? मी स्टिरॉइड कुठे मिळतं त्याची चौकशी करून ठेवलीय."

"थांब जरा, दादा. सर बघतायत."

"अगं, तूच तर पंचाण्णव टक्के म्हणालीस! आता कसली वाट बघायची? ती जेवत नाहीये गं."

"कळतंय रे मला. थांब म्हटलं ना!" ती खेकसली, आणि फोन ठेवल्यावर तिला रडू आलं.

शनिवारी सकाळी तिने सरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि गादीखालून आणखी एक यादी काढली.

"आता ही."

"सर, अजून दुरुस्त्या?"

"अजून."

हेमांगीला वाटलं, सरांचं वय झालं. मग वाटलं, आपलंच डोकं फिरलंय. मग वाटलं, इस्पितळातले लोक काय झोपा काढतात का, रोज उठून चाळीस माणसांचे आजार बदलायला? पण ती मुकाट्याने यादी घेऊन गेली. दुपारी निकाल आला. अडतीस बरोबर. जनुकं तिसरीच. वहिनीचा आजार पुन्हा क्रोन. तिने संगणक बंद केला आणि कपाळाला हात लावून बसून राहिली. तीन याद्या, तिन्ही वेळा जवळजवळ शंभर टक्के यश, आणि तिन्ही वेळा वेगळं सत्य. गुरुवारी तिला सगळं कळत होतं. शनिवारी तिला आपलं नाव तरी नीट कळतंय का, अशी शंका यायला लागली.

रविवारी सकाळी ती सरांकडे भांडायच्याच तयारीने गेली. दार काकूंनी उघडलं.

"ये ये. काय गं, लागल्या का माझ्या चिठ्ठ्या?"

"कसल्या चिठ्ठ्या, काकू?"

"अगं, दोनदा बसवलं यांनी मला. रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या घातल्या, विसांवर क्षय, विसांवर क्रोन. मी डोळे मिटून एकेक काढायची आणि यांनी ओळीने लिहून घ्यायचं. म्हटलं, या वयात घरात बसून हाऊजी खेळताय की काय?"

हेमांगी चपला न काढता तशीच आत गेली. सर पेपर वाचत होते.

"सर, त्या याद्या चिठ्ठ्या टाकून केल्या होत्या?"

"हो. पहिली तुझी, खरी. पुढच्या दोन हिच्या हातगुणाच्या."

"म्हणजे कुणाला कोणता आजार याचा त्यांत काही संबंधच नव्हता?"

"काडीचाही नाही."

"आणि तरी मला एकोणचाळीस बरोबर आले?" तिचा आवाज चढला. "सर, तुम्ही माझी चेष्टा केलीत! तिकडे माझी वहिनी वाळून चाललीय, आणि तुम्ही इथे खेळ मांडलात? गुरुवारीच सांगायचं होतंत चूक कुठे आहे ते!"

"सांगितलं असतं, तर तू 'हो सर' म्हणून मान हलवली असतीस, एक तळटीप जोडली असतीस, आणि पत्रावर माझी सही मागितली असतीस," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "चपला काढ, आणि बस आधी."

ती बसली. काकूंनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला आणि नवऱ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

सर म्हणाले, "आमच्या गावी देवीला कौल लावतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, देवीच्या अंगाला उजवीकडे-डावीकडे एकेक ओलं फूल चिकटवतो, आणि सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजवीकडचं पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. लोक तो कौल मानतात, कारण विचारताना हातात मोजकी फुलं असतात, आणि काय विचारलं ते आधी सांगितलेलं असतं. आता समज, एखाद्या गुरवाने वीस हजार फुलं चिकटवली, त्यातली त्याच्या मनासारखी पडलेली पन्नास उचलली, बाकीची झाडून टाकली, आणि गावाला दाखवलं, बघा, देवीने पन्नास वेळा होकार दिला! तू काय म्हणशील त्याला?"

हेमांगीने पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला.

"वीस हजार जनुकं, आणि माणसं अवघी चाळीस. इतक्या बोलणाऱ्यांत कुणीतरी तुझ्या मनासारखं बोलणारच. खऱ्या यादीसाठी पन्नास सापडतील, चिठ्ठ्यांच्या यादीसाठीही पन्नास सापडतील. त्यात जनुकांचा दोष नाही. तू त्यांना विचारलंस, आणि ज्यांनी 'हो' म्हटलं तेवढ्यांचंच ऐकलंस."

"पण मी परीक्षा घेतली होती, सर! एकेक माणूस बाजूला ठेवून."

"कधी बाजूला ठेवलास? जनुकं निवडून झाल्यावर. निवडताना तो तिथेच बसला होता, चाळिसांत. परीक्षेला बसायचा मुलगाच पेपर काढायला बसला होता, बाई. मग त्याला अडतीस मार्क मिळाले, यात नवल काय?"

हेमांगीने दोन्ही हातांनी डोकं धरलं. ही चूक तिला पुस्तकातून ठाऊक होती. तिने स्वतः धाकट्या विद्यार्थ्यांना ती शिकवलीही होती. आणि तरी ती करून बसली होती, कारण पहिल्याच दिवशी अडतीस हा आकडा आला, आणि त्या आकड्यात वहिनी बरी झालेली दिसली.

"मग नीट करून बघ," सर म्हणाले. "इथेच बसून कर. प्रत्येक वेळी माणूस आधी बाहेर पाठव, दार लावून घे, मग जनुकं निवड."

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ती दीड तास बसली. काकूंनी उपमा दिला, तो तिने खाल्ला की नाही हेही तिला आठवलं नसतं. पहिल्या चिठ्ठ्यांची यादी लावली, चाळिसांत एकवीस बरोबर. दुसऱ्या चिठ्ठ्यांची, अठरा. नाणं उडवून आजार सांगितला असता तरी इतकंच जमलं असतं. मग तिने आपली खरी यादी लावली, आणि श्वास रोखून पडद्याकडे बघत राहिली.

चोवीस.

"चोवीस म्हणजे काय, सर? काहीतरी आहे, की काहीच नाही?"

"असेल काहीतरी. नसेलही. चाळीस माणसांत ते कळायचं नाही. दोनशे जमव, चारशे जमव, मग ये."

"वहिनीसाठी चारशे माणसं कुठून आणू? उद्या सोमवार आहे!" तिचे डोळे भरून आले. "सर, खरं सांगा, तिला काय झालंय? तुम्हाला काय वाटतं?"

"मला पोटातलं काही कळत नाही. तुला काय वाटतं?"

हेमांगी पडद्याकडे बघत राहिली. चार दिवसांत तिला क्रोन वाटलं होतं, क्षय वाटला होता, पुन्हा क्रोन वाटलं होतं. प्रत्येक वेळी अगदी खात्रीने वाटलं होतं. शेवटी ती हळू आवाजात म्हणाली, "मला कळत नाही."

"हे वाक्य पत्रात लिही," सर म्हणाले. "त्याच्याखाली मी सही करतो."

तिने लिहिलं. माझ्या तपासणीवरून या रुग्णाचा आजार ठरवता येत नाही, आधी दिलेला निष्कर्ष चुकीच्या पद्धतीवर आधारलेला होता, कृपया त्यावर विसंबून औषध सुरू करू नये. सरांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि सही केली. आयुष्यात मिळालेल्या सह्यांपैकी ती एकच सही घेताना तिला लाज वाटली. मग ती गॅलरीत गेली आणि दादाला फोन लावला.

"दादा, मी तुला सांगितलं ते चूक होतं. क्रोन आहे की क्षय, मला कळत नाही."

दादाचा तोल गेला. "कळत नाही म्हणजे? तू एवढी शिकलीस कशाला मग? मी इथे डॉक्टरांशी भांडलो तुझ्या भरवशावर! आता त्यांना काय तोंड दाखवू? बोल ना!"

हेमांगी ऐकत राहिली. तेवढ्यात फोनवर खुडबुड झाली आणि वहिनीचा बारीक झालेला आवाज आला. तिने दादाच्या हातून फोन काढून घेतला होता.

"हेमा, म्हणजे तुलाही नाही कळत?"

"नाही, वहिनी. चुकलं माझं. माफ कर मला."

"खरंच नाही कळत ना? की मला बरं वाटावं म्हणून..."

"खरंच नाही कळत."

वहिनी म्हणाली, "मला त्या नळीची फार धास्ती बसलीय गं. म्हणून मी यांना म्हणत होते, आपली हेमा सांगतेय ना, मग कशाला पुन्हा ते हाल. तुझ्या त्या पंचाण्णव टक्क्यांना धरून बसले होते मी." तिने श्वास घेतला. "आता धरायला काही उरलं नाही, तर करून घेते. तू येशील का त्या दिवशी? हात धरायला?"

"येते," हेमांगी म्हणाली. "उद्याच येते."

बुधवारी वहिनीच्या आतड्याचे तुकडे काढले, आणि त्यांवरून पुढे आजार पक्का कळला. औषध लागू पडलं. आता वहिनी पंचेचाळीस किलोंवर आहे आणि दादाला जेवणात मीठ कमी पडलं म्हणून बोलायला लागली आहे, म्हणजे ठीकच म्हणायचं. पण तो आजार दोनांपैकी कोणता निघाला, ते या गोष्टीत सांगायचं नाही. सांगितलं, की तुमच्यातला कुणीतरी लगेच म्हणणार, "बघा, म्हणजे पोरीची पहिली यादी बरोबरच होती की!" किंवा म्हणणार, "स्टिरॉइडच्या तावडीतून वाचली बिचारी!" आणि एका फुलावरून दोघेही आपापला कौल उचलून घरी जाणार.

हेमांगीला तो निकाल फोनवर कळला, तेव्हा तिच्याही मनात तेच येऊन गेलं. तिने ते तिथेच थांबवलं. वहिनी वाचणार म्हणून ती आधी पोटभर रडली, मग तोंड धुऊन तिने आपल्या यादीत एकेचाळिसावा क्रमांक लिहिला आणि त्याच्यापुढे आजाराचं नाव घातलं. अजून तीनशे एकोणसाठ हवे होते.